दादाच्या झाडावरचा कोळी

मी भिंग बोलतोय. पेपर वाचायचं, दांडीवालं मोठं भिंग नव्हे. घड्याळजी डोळ्याच्या खोबणीत धरतात ना, ते. एक काळी नळी आणि तिच्या टोकाला बसवलेली काच, एवढाच माझा पसारा. शाईच्या दौतीच्या झाकणात मी सहज मावेन. समोर येईल ते दहापट मोठं करून दाखवायचं, हा माझा धंदा. त्यामुळे काळजीही मी दहापट करतो. राईचा पर्वत करणाऱ्या माणसाला लोक नावं ठेवतात, मला तर त्यासाठीच बनवलंय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्यामागे डोळा नसला तरी मला दिसतं. पण दिसलेलं सांगायला मात्र मला कुणाचा तरी डोळा लागतो. गेल्या उन्हाळ्यात मी महिनाभर बघत होतो आणि कुणाला काही सांगू शकत नव्हतो. ते दिवस आठवले की अजूनही माझी काच धुरकट होते.

माझा जन्म कारखान्यातला. काच घासणाऱ्या बाईनं मला उजेडाकडे धरलं, आत बुडबुडा नाही ना बघितलं आणि "हा चालेल" म्हणाली. तिथून मी आलो तो थेट माझ्या मालकांच्या उजव्या डोळ्यात. मालक घड्याळजी. चपला शिवणारा आणि छापखाना यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्यांचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांच्या भुवईचा घाम माझ्या कडेला लागलाय.

तिथं मी माणसं पुष्कळ बघितली. घड्याळ घेऊन येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काही नाही हो, जरासं मागे पडतंय." आणि घड्याळ उघडावं तर आतली चाकं कधीची अडकून बसलेली. मागे पडत होतं तेव्हा कुणी येत नाही, बंद पडलं की धावतात. मालक कुणाला बोल लावत नसत. "घड्याळ बिघडत नाही, घाण होतं," एवढंच म्हणायचे आणि धूळ काढायला घ्यायचे.

मग त्यांचा हात कापायला लागला. एके दिवशी चिमट्यातून एक स्क्रू उडाला. मला डोळ्यात धरून ते तासभर गुडघ्यांवर रांगत होते. स्क्रू सापडला. तो त्यांनी जागच्या जागी बसवला, घड्याळ ज्याचं त्याला दिलं आणि दुकान कायमचं बंद केलं. कामाचं टेबल घरी आलं, खिडकीपाशी. मी मात्र सवयीनं त्यांच्या शर्टाच्या खिशात राहिलो. रोज सकाळी रुमाल, चष्मा आणि मी. मला काम नव्हतं, पण टाकूनही दिलेलं नव्हतं. निवृत्त माणसासारखंच.

घरात दुसरी सत्ता होती मालकीणबाईंची. त्यांचं राज्य गच्चीवर. चौदा कुंड्या. शेवंती, जास्वंद, जरबेरा आणि सगळ्यांत मानाच्या जागी, कठड्यापाशी, एक गुलाब. त्याला नाव नव्हतं. सगळे त्याला "दादाचं झाड" म्हणायचे.

दादा म्हणजे मालकीणबाईंचा थोरला भाऊ. पेशानं माळी. त्यानं पिकल्या जर्दाळूच्या रंगाचा एक गुलाब स्वतः तयार केला होता. त्याचा एक डोळा त्यानं जंगली गुलाबाच्या खोडावर भरला आणि ती कुंडी बहिणीला दिली. डोळा म्हणजे फांदीवरचा तो ठिपका, जिथून कोंब फुटतो. तो दुसऱ्या खोडाच्या सालीत बसवून बांधतात, तिथं पुढे गाठ धरते. गाठीच्या वर येईल ते दादाचं, खाली येईल ते जंगली. "नाव सावकाश ठेवू," दादा म्हणाला होता. त्याच वर्षी तो गेला. त्याच्या बागेतलं मूळ झाड पुढच्या लोकांनी उपटून टाकलं. म्हणजे त्या रंगाचं सबंध जगात एवढंच एक झाड उरलं होतं, या कुंडीत. डोळा या शब्दाशी माझं जवळचं नातं असल्यामुळे मला त्या झाडाबद्दल पहिल्यापासून आपलेपणा वाटायचा.

तर उन्हाळ्याच्या तोंडाला मालकीणबाईंच्या धाकट्या बहिणीचा पाय मोडला आणि त्यांना दोन महिने तिकडे जाऊन राहावं लागलं. निघताना त्यांनी मालकांना गच्चीभर फिरवलं.

"रोज सकाळी पाणी. आठवड्यातून एकदा पानं धुवायची, वरून आणि खालून. ऐकताय ना?"

"ऐकतोय गं. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं सांभाळली मी."

"घड्याळं सुकत नाहीत," मालकीणबाई म्हणाल्या. मग जरा थांबून हळूच म्हणाल्या, "दादाचं झाड तेवढं बघा हं."

मालकांनी दुकानातली जुनी वही काढली. तीत रकाने आखलेले होते, तक्रार, तपासणी, दुरुस्ती. रोज फोन झाला की बायको सांगेल ते पेन्सिलीनं त्यात उतरवायचं असं त्यांनी ठरवलं. हात कापत असल्यामुळे ते अक्षर मुद्दाम बारीक काढायचे, म्हणजे कापरेपणा कमी दिसतो असं त्यांचं म्हणणं. माझ्याशिवाय ते अक्षर कुणाला वाचता आलं नसतं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. मग शेजारच्या इमारतीचं तोडकाम निघालं. धूळ उडू लागली. पाऊस नाही, वारा गरम. कठड्यापाशी असल्यामुळे सगळ्यांत जास्त धूळ दादाच्या झाडावर बसली. चाळीस वर्षं धुळीशी लढलेला मी, मला तेव्हाच चैन पडेना.

एका सकाळी मालक पाणी घालायला वाकले आणि मी खिशातून अर्धा बाहेर आलो. एका पानाची मागची बाजू माझ्या अगदी पुढ्यात होती. त्यावर कुणीतरी चालत होतं.

एक नव्हे, दहा-बारा. टाचणीच्या टोकाहूनही बारीक, फिकट, पाठीवर दोन काळे ठिपके, आठ पाय. आजूबाजूला काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी. ते पानात तोंड खुपसायचे, रस ओढायचे आणि पुढे सरकायचे. जिथं तोंड लावलं तिथं वरच्या बाजूनं सुईनं टोचल्यासारखा पांढुरका ठिपका उमटायचा. मी खिशात परत घसरलो तेव्हा मला घाम फुटला होता, भिंगाला फुटत असेल तर. "मालक, मला डोळ्याला लावा!" मी आतल्या आत ओरडत होतो. मालकांनी रुमाल काढून तोंड पुसलं आणि खाली गेले.

आठवड्याभरात पानांखाली तलम जाळी धरली. ती मालकांच्या साध्या डोळ्यांनाही दिसली. त्यांनी लगेच फोन लावला.

"अगं, दादाच्या झाडाला जाळी धरलीय."

"कसली जाळी?"

"बारीक. कोळिष्टकासारखी."

"मग कोळी असेल. असू दे की. आणि हे बघा, मारू नका हं त्याला. माशा-चिलटं खातो तो. दादा कधी कोळ्याला हात लावू द्यायचा नाही."

मालकांनी वहीत लिहिलं, "जाळी. कोळी. मारू नये, असं हिने सांगितलं." आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आता बघा कशी गंमत असते. मालकीणबाई बोलल्या त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कोपऱ्यात जाळं विणून बसतो तो कोळी बागेचा राखणदारच. पण आपल्या भाषेत त्याला आणि पानामागच्या त्या रस ओढणाऱ्याला, दोघांनाही कोळीच म्हणतात. एक पहारेकरी, दुसरा चोर, आणि नाव एकच. मालकांनी चोराला पहारेकरी समजून त्याची बडदास्त ठेवली. जाळं मोडेल म्हणून पानं धुवायचं बंद केलं. पाणी घालताना ते एवढं जपून घालायचे की एक धागा हलू द्यायचे नाहीत. चोरांना कोरडी हवा हवी होती, धूळ हवी होती, त्रास नको होता. तिन्ही गोष्टी त्यांना घरपोच मिळत होत्या. मी खिशातून बघत होतो आणि दहाचे शंभर, शंभराचे हजार होत होते.

पानं पिवळी पडली, मग तांबूस झाली, मग गळायला लागली. मालकांचं जेवण कमी झालं. फोनवर मालकीणबाई विचारायच्या, "दादाचं झाड कसं आहे?" आणि मालक म्हणायचे, "बरं आहे."

"कळ्या?"

"येतील."

या माणसानं चाळीस वर्षांत कधी गिऱ्हाईकाला खोटं सांगितलं नव्हतं. फोन ठेवला की त्यांचं काळीज मला खिशातून ऐकू यायचं, ठोके पुढे धावणाऱ्या घड्याळासारखे.

शेवटी न राहवून ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

"कोळी झालाय," ते म्हणाले.

"फार झालेत का?" दुकानदारानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता एक डबा पुढे केला. "हा फवारा. कोळीच काय, झुरळंही राहणार नाहीत."

मालकांनी डबाभर फवारा झाडावर रिकामा केला. दुसऱ्या दिवशी कुंड्यांच्या मांडणीखाली एक खराखुरा कोळी पाय आखडून मरून पडला होता. पाठीवर ठिपके असलेले लाल भुंगेरेही मेले होते. बिचारे या चोरांना मटकावूनच जगत होते. मालकांनी मेलेला कोळी बघितला आणि सुटकेचा श्वास टाकला. आणि पानामागे? हा फवारा किड्यांसाठी होता, चोरांचं त्यानं काहीच बिघडलं नाही. पहारेकरी गेले, वाट मोकळी झाली. पुढच्या आठ दिवसांत जाळी शेंड्यापर्यंत चढली आणि शेजारच्या जास्वंदीवर पहिला ठिपका उमटला.

त्या दिवशी मालक गच्चीवर उलट्या बादलीवर बसून राहिले. बराच वेळ. मग त्यांनी एक पान तोडलं, घड्याळाचे सुटे भाग ठेवायच्या पारदर्शक पिशवीत घातलं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या रोपवाटिकेत गेले. तिथल्या ताई गमबूट घालून रोपांना पाइपनं पाणी मारत होत्या. त्यांनी पिशवी बाहेरूनच बघितली.

"लाल कोळी आहे, काका."

"तेच तर. आधी ठेवला, मग मारला. मेलासुद्धा. मी डोळ्यांनी बघितला."

"केवढा होता?"

मालकांनी बोटाचं पेर दाखवलं. ताईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, तो तुमचा पाहुणा होता! हा कोळी वेगळा. नावाचा लाल, दिसायला बहुतेकदा पिवळट, आणि टाचणीच्या टोकाएवढाही नाही. कीटकनाशकानं मरत नाही, कारण तो कीटकच नाही. ठेवायचा म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

मालकांनी पिशवीतून पान बाहेर काढलं.

"कुणी नाही," ते म्हणाले. "माझ्याच डोक्यात आलं."

खिशात असूनही मी चमकलो.

ताईंनी एक पांढरा कागद आणला, पान त्यावर धरून टिचकी मारली. कागदावर धुळीचे कण पडले. "आता नुसतं बघत राहा." कण चालायला लागले. ताईंनी त्यावरून बोट फिरवलं, कागदावर चिरडलेल्यांची ओली रेघ उमटली. "धूळ असती तर चालली नसती. भिंग असेल तर अजून नीट दिसेल. आहे का घरात?"

मालकांचा हात खिशाकडे गेला. हात कापत होता, पण डोळ्याला लावल्यावर मी कधीच हललो नाही, त्यांची भुवई मला अजून तशीच घट्ट धरते. त्यांनी पान उलटलं आणि बघितलं. खूप वेळ बघितलं. मी महिनाभर जपून ठेवलेलं सगळं त्यांना एका दमात दाखवलं, अंडी, पिल्लं, ठिपके, धागे. मला रडावंसं वाटत होतं.

"अरे देवा," मालक म्हणाले. "मी यांना पोसत होतो."

मग दुरुस्तीचा रकाना भरू लागला. दादाचं झाड बाकीच्या कुंड्यांपासून लांब, सावलीच्या कोपऱ्यात गेलं. फार खाल्लेल्या फांद्या कापून, पिशवीत बांधून कचऱ्यात. कात्री दर वेळी पुसून. कापताना मालक गाठीच्या खाली जायला घाबरत होते आणि वर ठेवण्यासारखं फारसं काही नव्हतं. मग पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या मागून. ऊन उतरल्यावर साबणाचं पाणी, एका लिटरला चमचाभर साधा पातळ साबण, तोही आधी एकाच पानावर मारून, पान करपत नाही ना बघून. "साबणानं अंडी मरत नाहीत, काका," ताईंनी बजावलं होतं. "म्हणून दर चौथ्या दिवशी पुन्हा. कंटाळलात की संपलं." मालक कंटाळणाऱ्यातले नव्हते. दर चौथ्या दिवशी ते मला डोळ्यात धरून चौदाही कुंड्यांची पानं उलटून बघायचे. जास्वंद वाचली, शेवंती वाचली. दादाच्या झाडाची मात्र दोन उघडी काटकं उरली आणि त्यांखाली ती गाठ.

मालकीणबाई येणार त्याच्या आदल्या दिवशी मालकांनी वही उघडली. नवीन पानावर लिहिलं, "निदान: लाल कोळी. कारण: धूळ, कोरडी हवा आणि घड्याळजीचा हलगर्जीपणा." मग पानं मागे चाळत गेले. रबर घेतला आणि "असं हिने सांगितलं" एवढे तीन शब्द खोडून टाकले. खोडून झाल्यावर कागदावर फुंकर मारली.

मालकीणबाई आल्या त्या बॅगही न उघडता गच्चीवर गेल्या. झाडापुढे उभ्या राहिल्या. उघड्या काटक्यांवरून बोट फिरवलं. मालक दारातच थांबले होते, शाळेतल्या मुलासारखे.

"मेलं का हो?" शेवटी मालकीणबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. वहीत सगळं लिहून ठेवलंय."

मालकीणबाईंनी वही घेतली. चष्मा खाली बॅगेत होता आणि अक्षर ते असलं. त्यांनी काही न विचारता मालकांच्या खिशात हात घातला आणि मला काढलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या डोळ्याला पहिल्यांदाच लागलो. डोळा ओला होता, मला नीट धरवेना. त्या एकेक ओळ वाचत गेल्या. "जाळी. कोळी. मारू नये." पुढे कागद कोरा होता.

कोरा म्हणजे तुमच्यासाठी. मला तर पेन्सिलीनं दाबलेले चर स्वच्छ दिसत होते. शब्द पुसता येतात, कागदावरचा दाब पुसता येत नाही. मला क्षणभर वाटलं, डोळे मिटावेत. मालकांनी जपलेलं गुपित मीच फोडणार होतो. पण भिंगाला डोळे मिटता येत नाहीत.

मालकीणबाई त्या कोऱ्या जागेवर खूप वेळ थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "रबरानं खोडलेलं भिंगातून दिसतं, हे चाळीस वर्षांत कळलं नाही तुम्हाला?"

मालकीणबाईंनी पेन्सिल मागून घेतली आणि त्याच चरांवरून ते तीन शब्द पुन्हा गिरवले. मग आधीच्या दोन रेघांखाली तिसरी रेघ ओढली.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांत वाईट गेले, कारण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तीन आठवड्यांनी कोंब फुटला. पण कुठं फुटला? नेमका गाठीवर. वर म्हणावं तर वर, खाली म्हणावं तर खाली. दोघं आळीपाळीनं मला लावून बघायचे. "वर आहे," मालक म्हणायचे. "खाली वाटतोय," मालकीणबाई म्हणायच्या. मला खरं तर काहीच ठरवता येत नव्हतं आणि भिंगाला यापेक्षा मोठी लाज नाही. जंगली असेल तर दादाचा गुलाब संपला. फूल आल्याशिवाय कळणार नव्हतं.

परवा सकाळी त्या फांदीवरची एकुलती एक कळी जराशी उकलली. हिरव्या वेष्टनाच्या फटीत केसाएवढी रेघ दिसत होती. मालकीणबाईंनी मला डोळ्याला लावलं. मग काढलं. त्यांनी मला मालकांच्या डोळ्यात बसवलं आणि त्यांचा कापरा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

मालकांनी बघितलं.

"जर्दाळू," ते म्हणाले.

आता मी खिशात नसतो. गच्चीच्या दाराशी खिळ्याला दोऱ्यानं टांगलेला असतो. कडेला साबणाचे डाग पडलेत, काचेवर एक ओरखडाही आला. उद्या चौथा दिवस आहे आणि मला आत्तापासून धाकधूक वाटतेय, कारण पलीकडे पुन्हा धूळ उडायला लागलीय आणि त्या कळीशेजारची दोन पानं अजून कुणी उलटलेली नाहीत.

तुमच्या घरी एखादं फुलझाड असेल. पान वरून फिकट दिसलं, सुईनं टोचल्यासारखं, तर "काही नाही, जरासं सुकलंय" म्हणून पुढे जाऊ नका. उलटून बघा. भिंग नसेल तर पांढरा कागद धरा आणि टिचकी मारा. आणि कुणी तुम्हाला म्हणालं की कोळी आहे, तर माझ्यासाठी एवढं करा, आधी विचारा, कुठला?